खडा हातात येईपर्यंत: प्रकल्प नोंदी

प्रकल्प: डाव्या मूत्रवाहिनीतला (किडनीतून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीतला) मुतखडा.
उद्दिष्ट: खडा पडताना पकडायचा आणि तपासणीला द्यायचा. नुसता पडून गेला तर काम अर्धंच झालं.
काय टिपायचं: वेळ, दुखण्याचा आकडा (० ते १०), ताप, लघवीचं माप आणि रंग, घेतलेलं औषध.

९ जानेवारी, सकाळी ११.००

पहाटेची नोंद आत्ता लिहिते आहे, दवाखान्यातल्या खाटेवरून.

२.४० ला जाग आली. डावीकडे पाठीत, शेवटच्या बरगडीखाली, कुणीतरी अंगठा रोवून धरल्यासारखं वाटत होतं. अवघडून झोपले असेन म्हणून कूस बदलली, मग उठून उभी राहिले. दहा मिनिटांत अंगठ्याची मूठ झाली. तीनच्या सुमारास मी जमिनीवर गुडघे टेकून, पलंगाच्या कडेला कपाळ लावून बसले होते, आणि लगेच तिथूनही उठले, कारण तेही सोसेना. उभं राहून पाहिलं, ओणवं होऊन पाहिलं, पालथी पडले, पाय पोटाशी घेतले. तसूभर फरक नाही. मग ओकारी आली. पोटात काही नव्हतं तरी कोरडे उमाळे येत राहिले. मूत्रपिंड आणि जठर यांच्या मज्जातंतूंचं जाळं पोटात एकमेकांत गुंतलेलं असतं, म्हणून किडनी अडली की पोटही उलटतं, हे नंतर कळलं.

आकडा: ९. दहा लिहायला धजावले नाही.

धाकट्या बहिणीने गाडी काढली. दवाखान्यात पोचल्यावर मी भिंतीला धरून येरझारा घालत होते. नर्सने एकदा पाहिलं आणि नाव विचारायच्या आधी विचारलं, "पूर्वी कधी खडा झाला होता का?" तिला चालण्यावरूनच कळलं होतं. पोटाच्या आवरणाला सूज आलेला माणूस निपचित पडून राहतो, हललं की त्याला जास्त दुखतं. मुतखड्याचा माणूस एका जागी टिकत नाही.

लघवीच्या पट्टीवर रक्त दिसलं. डोळ्यांना रंग नेहमीचाच होता. (पट्टीवर रक्त नाही म्हणून खडा नाही असं मात्र समजू नये. साधारण दहातल्या एकाच्या लघवीत खडा असूनही रक्त सापडत नाही.) आधी गरोदरपणाची चाचणी केली, मग विचारलं: पोटात व्रण, दमा, किडनीचा जुना आजार, रक्त पातळ करणारं औषध? सगळ्याला नाही. मग डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं ७५ मिलिग्रॅमचं इंजेक्शन. पंचवीस मिनिटांत नऊचे तीन झाले. त्या पंचवीस मिनिटांत बहीण माझ्या पाठीवर हात ठेवून उभी होती. एक शब्द बोलली नाही, आणि त्या वेळी मला तेच हवं होतं.

सीटी स्कॅन झाला, रंगद्रव्य न देता. खड्यासाठी तसाच करतात, त्यात जवळपास सगळे खडे दिसतात. अहवाल: डाव्या मूत्रवाहिनीच्या वरच्या भागात ४.६ मिलिमीटरचा खडा, डाव्या किडनीला सौम्य सूज, उजवी बाजू मोकळी.

९ जानेवारी, रात्री ९.३०

घरी आले. आकडा २. ताप नाही.

हा प्रकल्प का, ते आजच लिहून ठेवते.

आठ वर्षांपूर्वी उजव्या बाजूला असंच झालं होतं. सहाव्या दिवशी खडा पडला. पडला ते मला कळलं, भांड्यावर बारीकसा आवाज झाला, आणि पाण्याबरोबर तो गेला. तो पकडून ठेवायचा असतो हे कुणी सांगितलंच नव्हतं. पुढच्या भेटीत तिथल्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत निकाल दिला: कॅल्शियमचा असणार, दूध आणि दुधाचं सगळं बंद करा. 'असणार' या एका शब्दावर मी आठ वर्षं काढली. पथ्य काटेकोर पाळलं. आणि खडा पुन्हा झाला.

पाच खड्यांमागे साधारण चार कॅल्शियमचे असतात, त्यातही बहुतेक कॅल्शियम ऑक्झलेटचे. म्हणजे तो अंदाज अगदीच वाऱ्यावरचा नव्हता. पण उरलेल्यांत युरिक ॲसिडचे खडे येतात, जंतुसंसर्गातून वाढणारे स्ट्रुव्हाइटचे येतात, आणि सिस्टिनचे येतात, जे वारशाने मिळालेल्या दोषामुळे होतात. यांचे उपाय एकमेकांशी जुळत नाहीत. युरिक ॲसिडचा खडा साध्या एक्स-रेत दिसत नाही, पण पोटॅशियम सायट्रेट देऊन लघवीचा आम्लपणा कमी केला तर पोटातच विरघळू शकतो. कॅल्शियमचा तसा विरघळत नाही. स्ट्रुव्हाइटचा तुकडा मागे राहिला तर पुन्हा वाढतो. खडा कशाचा आहे हे ठाऊक नसताना पथ्य सांगणं म्हणजे अंधारात दगड मारणं आहे. या वेळी मला तो हातात हवा.

१० जानेवारी

साधनांची जुळवाजुळव. रोजची चहाची गाळणी धरून पाहिली, तिच्या छिद्रांतून रव्याचे कण सहज जातात. खडा पडताना फुटलाच तर तुकडे निसटतील. म्हणून बारीक जाळीची दुसरी गाळणी घेतली, पातळ कापडाइतक्या दाट विणीची. एक रुंद तोंडाची, मापाच्या रेघा असलेली पारदर्शक बरणी. रीत अशी: प्रत्येक वेळी लघवी बरणीत, माप आणि रंग वहीत, मग गाळणीतून ओतायची, गाळणी उजेडात धरून पाहायची, धुवायची. रात्रीसुद्धा. एक वेळ चुकवली आणि नेमका तेव्हाच तो गेला, असं व्हायला नको. बाहेर जायचं असेल तर पिशवीत दुसरा जोड. याची लाज वाटू द्यायची नाही असं ठरवलं आहे.

पाण्याबद्दल. कालपासून जो भेटतो तो सांगतो, भरपूर पाणी पी, ढकलून बाहेर निघेल. मीही आठ वर्षांपूर्वी कळा येत असताना तांब्यावर तांबे प्यायले होते आणि सगळं ओकले होते. डॉक्टरांनी आज नीट समजावलं. मूत्रवाहिनी म्हणजे पाण्याच्या जोराने धुऊन निघणारी नळी नव्हे. ती स्नायूंची आहे, मिनिटाला काही वेळा आकुंचन पावून लघवी खाली सरकवते. वाट बंद असताना वरून जास्त पाणी आलं तर दाब वाढतो. कळ चालू असताना भराभर पाणी पिऊन किंवा सलाइन लावून खडा लवकर पडतो, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. तेव्हा तहानेप्रमाणे प्यायचं, ओकाऱ्यांनी कोरडं पडू द्यायचं नाही. भरपूर पाण्याची खरी जागा पुढे आहे, नवीन खडा होऊ नये म्हणून.

११ जानेवारी

आकडा दिवसभर २ ते ३. गोळ्या दोन. गाळणीत काही नाही.

१३ जानेवारी

पहिल्या तीन ओळी बहिणीच्या अक्षरातल्या, जशाच्या तशा उतरवते.

"१.१५ सुरू. ताई म्हणते ६. आता पुढून दुखतंय, जांघेपर्यंत.
१.४० आकडा विचारला. ८. दोन ओकाऱ्या. गोळी बाहेर पडली.
२.०५ ताई उत्तर देत नाहीये. घाम. हात गार. नेतेय."

पुढचं माझं. ही कळ पहिलीपेक्षा मोठी होती. वेळानेही लांब आणि जातीनेही निराळी. पहिल्या दिवशी ती पाठीत एका जागी रुतून बसली होती. आज ती बरगडीखालून निघून पोटाला वळसा घालून जांघेत उतरत होती, आणि उतरताना मागची जागा सोडत नव्हती. मुतखड्याच्या कळेला मराठीत शूळ का म्हणतात ते कळलं. टोचतो म्हणून नाही. एकदा आत शिरला की त्याच्याभोवती सगळं शरीर फिरायला लागतं म्हणून.

मोठ्या माणसांना सहन करायची सवय असते, मलाही आहे. पण या दुखण्यात सोसण्याला काही अर्थ नाही. दात आवळून धरल्याने कळ एका मिनिटाने आखूड होत नाही आणि खडा एका केसाने पुढे सरकत नाही. गोळी ओकून पडली त्याच क्षणी निघायला हवं होतं. मी "थांब, बसेल" म्हणत पंचवीस मिनिटं घालवली. पुढच्या वेळेसाठी नियम: गोळी पोटात टिकली नाही तर थांबायचं नाही.

दवाखान्यात पुन्हा तेच इंजेक्शन, उलटीचं औषध, आणि अर्ध्या तासाने थोडं मॉर्फिन. ४.२० ला आकडा २.

१४ जानेवारी

आकडा १. अंग मोडून आलं आहे, पोटाचे स्नायू व्यायाम केल्यासारखे दुखतात.

आज डॉक्टरांना विचारलं, एवढ्याशा खड्याने एवढं कसं दुखतं? मला वाटत होतं की तो खरखरीत असतो, आतून ओरखडत जातो. तसे ओरखडे पडतात आणि रक्त त्यातूनच येतं, पण जिवाला घोर लावणारी कळ त्याची नसते. ती दाबाची असते. वाट बंद झाली की लघवी मागे साठते, किडनीच्या तोंडाशी असलेली पिशवी ताणली जाते, किडनीवरचं आवरण ताणलं जातं. ताणाला उत्तर म्हणून शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सोडतं. त्यांनी किडनीकडे रक्त जास्त येतं, लघवी आणखी तयार होते, दाब आणखी चढतो. शिवाय मूत्रवाहिनीचे स्नायू आवळतात. डायक्लोफेनॅकसारखी औषधं नेमकी ही प्रोस्टाग्लँडिनं तयार होऊ देत नाहीत, म्हणून ती दुखणं नुसतं झाकत नाहीत, त्याचं चक्रच तोडतात. कळेसाठी पहिलं औषध म्हणून त्यांचंच नाव घेतात ते यासाठी. किडनी आधीच कमजोर असेल त्यांना मात्र ती चालत नाहीत.

हे समजल्यावर भीती निम्मी झाली. कळ कमी झाली नाही, पण ती आली की आत काय चाललं आहे याचं चित्र आता डोळ्यांसमोर असतं.

तेच चित्र वहीत काढून घेतलं. मूत्रवाहिनी २५ ते ३० सेंटिमीटर लांब, आतून ३ ते ४ मिलिमीटर रुंद. माझा खडा ४.६. वाटेत तीन चिंचोळ्या जागा: किडनीतून नळी सुरू होते तिथे, पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांवरून ती ओलांडते तिथे, आणि मूत्राशयाच्या भिंतीत शिरते तिथे. ही शेवटची सगळ्यांत अरुंद. दुखणं पाठीतून जांघेकडे सरकलं म्हणजे खडा खाली सरकतो आहे.

टॅम्सुलोसिनबद्दल विचारलं. ती गोळी नळीच्या खालच्या भागाचे स्नायू सैल करते. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या ११०० हून अधिक रुग्णांवरच्या चाचणीत तिचा उपयोग दिसला नाही. इतर काही अभ्यासांत खालच्या भागातल्या, ५ मिलिमीटरहून मोठ्या खड्यांना थोडा फायदा दिसला. माझा त्याहून लहान. चक्कर येऊ शकते. न घेण्याचं ठरलं.

किती दिवस? ५ मिलिमीटरपर्यंतचे साधारण दोन तृतीयांश खडे आपोआप पडतात. ४ ते ६ मिलिमीटरच्या खड्यांना सरासरी तीन आठवडे लागल्याची नोंद आहे. चार ते सहा आठवड्यांपलीकडे वाट पाहायची नाही, मग दुर्बिणीने काढायचा किंवा बाहेरून ध्वनिलहरींच्या आघाताने फोडायचा. हा फोडण्याचा उपचार माणसावर पहिल्यांदा १९८० च्या फेब्रुवारीत म्युनिकमध्ये झाला. त्याआधीच्या माणसांचा विचार आला. खडा अडला की पोट उघडायचं किंवा सोसत राहायचं, एवढंच त्यांच्यातल्या बहुतेकांच्या हाती होतं. आणि मॉर्फिनही नव्हतं तेव्हाच्या माणसांचा तर विचारही करवत नाही.

१७ जानेवारी

आकडा ०. तिसरा दिवस. लघवी नेहमीसारखी. गाळणीत काही नाही.

१९ जानेवारी

आकडा ०. बहीण म्हणाली, "ताई, पडला असेल गं, तुला कळलं नसेल." तिचाही जीव थकला आहे, रात्री माझ्याबरोबर तीही उठते. क्षणभर मलाही वाटलं की बरणी धुवून ठेवून द्यावी.

पण एकही वेळ चुकवलेली नाही. ६९ नोंदी आहेत. पडला असता तर गाळणीत असता. उद्या सोनोग्राफी करून घेते.

२० जानेवारी

पडलेला नाही. डाव्या किडनीची सूज तशीच, उलट किंचित वाढलेली. मूत्राशयात लघवीच्या धारा ठरावीक वेळाने उडतात, त्या डॉप्लरवर रंगीत दिसतात. उजवीकडची धार छान झेपावत होती, डावीकडे बराच वेळ पाहून एक बारीकशी दिसली.

ही नोंद सगळ्यांत महत्त्वाची, म्हणून सावकाश लिहिते. दुखणं थांबणं म्हणजे खडा पडणं नव्हे. अडथळा तसाच राहिला तर काही दिवसांत त्या किडनीचा रक्तपुरवठा कमी होतो, ती लघवी कमी बनवते, दाब उतरतो आणि कळ शमते. माणसाला वाटतं सुटलो. किडनी मात्र अडलेलीच असते, आणि आठवडेच्या आठवडे तशी राहिली तर कायमची खराब होऊ शकते. आठ वर्षांपूर्वी मी दुखणं थांबल्यावर तपासणी केली ती खडा पडल्याचं कळलं होतं म्हणून. कळलं नसतं तर कदाचित गेलेच नसते. ज्यांचं दुखणं आपोआप थांबलं आणि खडा हाती लागला नाही, त्यांनी सोनोग्राफी केल्याशिवाय वही मिटू नये.

आणखी एक आठवडा थांबायचं, मग पुन्हा तपासणी. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा आकडा) ठीक आहे.

२२ जानेवारी

दुपारी अंग कसकसलं. ताप ३७.६. दर तासाला मोजला. संध्याकाळी ३७.२, रात्री ३६.८. सर्दी होती, सकाळी घसा धरला होता.

तरी पिशवी भरून दाराशी ठेवली होती. ३८ च्या वर गेला किंवा थंडी वाजून आली तर सकाळची वाट पाहायची नाही, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी तीनदा बजावलं होतं. साठलेल्या लघवीत जंतू वाढले तर ते थेट रक्तात जाऊ शकतात, आणि मग नुसती प्रतिजैविकं पुरत नाहीत, अडलेली लघवी आधी बाहेर काढावी लागते. आतून मूत्रवाहिनीत स्टेंट, म्हणजे बारीक नळी, घालून किंवा पाठीतून किडनीत नळी घालून. कळ असह्य असते पण सहसा जिवावर बेतत नाही. तापाचं तसं नाही. एकच किडनी असलेल्यांनी, गरोदर बायकांनी, लघवी पूर्ण थांबलेल्यांनीही असंच लगेच निघायचं असतं.

२५ जानेवारी

नवीनच प्रकार. सकाळपासून दर पंधरा मिनिटांनी लघवीची भावना. गेलं की चमचाभर येते आणि शेवटी जळजळ. मूत्राशय रिकामं असूनही ते भरलंय असं कुणीतरी सतत सांगत असल्यासारखं. आकडा ३, पण हे तीन पहिल्या तीनांसारखं नाही, यात चैन नाही.

मूत्रमार्गाचा संसर्ग वाटून नमुना देऊन आले. डॉक्टरांचा अंदाज: खडा शेवटच्या चिंचोळ्या जागी, मूत्राशयाच्या भिंतीत आहे. तिथे तो मूत्राशयालाच डिवचत राहतो.

आजच्या नोंदी ३१. प्रत्येक चमचाभर लघवी गाळली.

२७ जानेवारी

कल्चरमध्ये जंतू वाढले नाहीत. म्हणजे तोच आहे. दारात आहे.

२८ जानेवारी, रात्री १२ वाजून गेल्यावर

पडला.

संध्याकाळी ७ ला पुन्हा मोठी कळ सुरू झाली, या वेळी खाली, डाव्या ओटीपोटात. गोळी घेतली, टिकली. ८ ला आकडा ७. बहिणीने गाडीच्या किल्ल्या हातात घेतल्या होत्या. ८.४० ला, मी न्हाणीघराच्या दाराशी उभी असताना, कुणीतरी दिवा मालवावा तशी कळ गेली. ओसरली नाही, गेली. सात आणि मग शून्य. मी तशीच उभी राहिले, हलायची भीती वाटली. बहीण म्हणाली, "काय झालं? ताई, काय झालं?" मी म्हणाले, "काही नाही. खरंच काही नाही."

तो मूत्राशयात उतरला होता. आता भरपूर पाणी प्यायले, आता त्याला अर्थ होता. इथून पुढची वाट सहसा सोपी. मूत्रमार्ग मूत्रवाहिनीपेक्षा पुष्कळ रुंद असतो, आणि बायकांचा जेमतेम ४ सेंटिमीटर लांब. पुरुषांचा त्याच्या पाचपट, त्यांना बाहेर पडतानाही चांगलंच जाणवतं म्हणतात.

११.५० ला बरणीच्या तळाशी टिक् झालं. तोच आवाज, आठ वर्षांपूर्वीचा. या वेळी खाली बरणी होती.

गाळणीत ओतलं. दिव्याखाली धरलं. पिवळट तपकिरी, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा, सगळ्या अंगाने बारीक टोकं. पट्टीवर ठेवून मोजला, साडेचार मिलिमीटर. भिंगातून पाहिलं तर टोकं म्हणजे एकमेकांवर चढलेले चिमुकले स्फटिक, धारदार कडांचे, उजेडात चमकणारे. सुश्रुताने वातामुळे होणारी अश्मरी, म्हणजे मुतखडा, खरखरीत आणि कदंबाच्या फुलासारखी काट्यांनी भरलेली असते असं म्हटलं आहे. त्यानेही असाच एक खडा उजेडात धरून पाहिला असणार.

रडू आलं. वीस दिवसांत पहिल्यांदाच. बहिणीने गाळणी माझ्या हातातून काढून घेतली, म्हणाली, "सांडशील." मग आम्ही दोघी तो कागदावर ठेवून बराच वेळ बघत बसलो.

२९ जानेवारी

खडा स्वच्छ पाण्याने धुऊन, कागदावर पूर्ण सुकवून कोरड्या डबीत ठेवला. चिकटपट्टीने चिकटवायचा नाही, तिचा डिंक तपासणीत गोंधळ करतो. फॉर्मॅलिन किंवा कुठलंच द्रव घालायचं नाही. डबीवर नाव, तारीख, बाजू. प्रयोगशाळेत दिला. अवरक्त किरणांनी तपासतात, कुठला स्फटिक कोणते किरण शोषतो त्यावरून घटक कळतात.

९ फेब्रुवारी

सोनोग्राफी: डावी किडनी पूर्ववत. सूज नाही. दोन्ही बाजूंच्या धारा सारख्या.

१२ फेब्रुवारी

खड्याचा अहवाल आला. कॅल्शियम ऑक्झलेट डायहायड्रेट ८० टक्के, मोनोहायड्रेट २० टक्के. दोन्ही त्याच क्षाराचे स्फटिक, फक्त त्यातल्या पाण्याचं प्रमाण वेगळं.

म्हणजे कॅल्शियमचाच. आठ वर्षांपूर्वीचा 'असणार' बरोबर निघाला असं पहिल्यांदा वाटलं. डॉक्टरांनी तिथेच थांबवलं. कॅल्शियमचा खडा म्हणजे आहारातलं कॅल्शियम तोडा, हे गणित चुकीचं आहे. जेवणातलं कॅल्शियम अन्नातूनच येणाऱ्या ऑक्झलेटला आतड्यातच धरतं आणि ते विष्ठेतून निघून जातं. कॅल्शियम तोडलं की ऑक्झलेट मोकळं राहतं, रक्तात जातं, लघवीत उतरतं. इटलीत १२० पुरुषांवर पाच वर्षं चाललेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. लघवीतून कॅल्शियम जास्त जाणारे आणि पुन्हा पुन्हा खडे होणारे लोक होते ते. कॅल्शियम तोडलेल्या ६० जणांपैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला. कॅल्शियम नेहमीइतकं ठेवून मीठ आणि मांसाहार कमी केलेल्या ६० पैकी १२ जणांना. मला तो सल्ला मिळाला तेव्हा हा अभ्यास जुना झाला होता.

मला राग आला आणि तो अजून आहे. आठ वर्षं मी शिस्तीने जे केलं त्याने कदाचित खड्याला मदतच झाली, आणि हाडांचं काय झालं ते वेगळंच. खडे होणाऱ्यांची हाडं तशीही विरळ होण्याचा धोका असतो. हाडांची घनता मोजायला नाव नोंदवून आले.

अहवालातली टक्केवारीही बोलते. डायहायड्रेट जास्त असलं की सहसा लघवीतून कॅल्शियम जास्त जात असतं, मोनोहायड्रेट जास्त असलं की ऑक्झलेट. म्हणजे आता शोधायचं आहे की कॅल्शियम कुठून येतंय. रक्तातलं कॅल्शियम पाहिलं, ठीक आहे. ते जास्त असतं तर रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या, गळ्यातल्या परावटू ग्रंथी तपासाव्या लागल्या असत्या. उरतं मीठ. सोडियम लघवीत जाताना कॅल्शियमला बरोबर ओढून नेतं, आणि मिठाचा कुणी कधी विषयच काढला नव्हता.

सांगितलेलं: दुधाचे पदार्थ पुन्हा सुरू, जेवणाबरोबर. मीठ निम्म्यावर. पाणी इतकं की दिवसाची लघवी अडीच लिटर व्हावी. किती प्यायले ते मोजायचं नाही, किती झाली ते मोजायचं. बरणी आहेच.

२० फेब्रुवारी

कालचं माप १४५० मिलिलिटर. आजचं १७००. अडीच लिटर बोलायला सोपं आहे. दुपारी कामात तीन तास पाण्याला हात लागत नाही आणि माप तिथेच पडतं. रात्री झोपताना एक पेला वाढवला, कारण पहाटेची लघवी सगळ्यांत दाट असते.

४ मार्च

२३५०. हाडांच्या घनतेचा अहवाल: कमरेचे मणके वयाच्या मानाने थोडे विरळ. पुन्हा दोन वर्षांनी मोजायचं. बहिणीला सांगितलं तर तिने काहीच न बोलता माझ्या पुढ्यात दूध आणून ठेवलं.

१६ मार्च

खडा पडून सहा आठवडे होऊन गेले, आता चोवीस तासांची लघवी तपासायची. एवढं अंतर मुद्दाम ठेवतात, आजारपणातलं खाणंपिणं मागे पडावं म्हणून. आज विशेष काही करायचं नाही, रोज जसं खाते-पिते तसंच, नाहीतर आकडे खोटे येतात. कॅल्शियम, ऑक्झलेट, सायट्रेट, युरिक ॲसिड, सोडियम, आणि एकूण माप, सगळं यातून कळेल.

प्रयोगशाळेने पाच लिटरचा कॅन दिला आहे. सकाळी ६.४० ची पहिली लघवी टाकून दिली, ती आधीच्या रात्रीची. वेळ कॅनवर लिहिली. ८.१० ची पहिली कॅनमध्ये, ३२० मिलिलिटर. उद्या ६.४० ला शेवटची.